हरकत असल्यास हजर राहावे

एक ओळही न लिहिता दोन जिल्ह्यांत कादंबरीकार म्हणून नाव झालेला माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला काय म्हणायचं! लोकांचे साडू लग्नाकार्यात रुसतात, मानपानावरून अडून बसतात, फार तर आपली स्कूटर महिनाभर वापरून पेट्रोल संपवून परत आणून लावतात. एवढं माणूस सोसू शकतो. पण आठ वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, धुळ्याहून एसटीनं जळगावला यायचं, माझ्या घरचा चहा प्यायचा, आणि "मास्तर, कादंबरी कोणाच्या नजरेतून सांगायची ते आता पक्कं ठरलं" असं म्हणून मागच्या खेपेला पक्क्या ठरलेल्या माणसाला बाद करायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, जाऊ द्या आता, किती वर्षं झाली. मी जाऊ देणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे आणि त्या घरचे पहिले जावई, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो. नोकरी धुळ्याला, जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदाराची. उंच, काटकुळे, उन्हानं रापलेले, आणि खिशात चोवीस तास गुंडाळलेली फीत. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस मांडवाच्या मागच्या बाजूनं ती फीत लावत फिरत होता. वाजंत्री वाजली, मी घामाघूम होऊन जेमतेम हार घातला, तोच भाऊ माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "मांडव शेजाऱ्याच्या जागेत सव्वा हात गेलाय. पण तुम्ही उभे आहात ती जागा आपल्या हद्दीत आहे, काळजी करू नका." मला त्या क्षणापर्यंत कसलीच काळजी नव्हती. जेवायला बसले की ताटात भरताची हद्द वरणाला लागलेली त्यांना खपत नाही. भाताचा बांध घालून घेतल्याशिवाय पहिला घास जात नाही.

पण याहून वाईट सवय म्हणजे कोणी काहीही सांगायला लागलं की मधेच विचारायचं, "तुम्ही तेव्हा कुठे उभे होतात?" आमच्या शेजारच्या वहिनी एकदा रंगात येऊन सांगत होत्या, की समोरच्या घरात चोर शिरला, त्यांनी स्वतः पाहिला, हातात कोयता होता. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही कुठे होतात?" "मोरीत भांडी घासत होते." "मोरीची खिडकी उत्तरेला. समोरचं घर दक्षिणेला." मग भाऊ उठले, मोरीत जाऊन उकिडवे बसले, परत आले आणि शांतपणे म्हणाले, "कोयता दिसणार नाही. चोरही नाही." त्या वहिनी पुढे दोन वर्षं आमच्याकडे आल्या नाहीत. हळदीकुंकवालासुद्धा नाही.

असा माणूस कादंबरी लिहायला निघाला तर काय होईल हे मला आधीच कळायला हवं होतं. मी जळगावच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. पण आपल्याच घरातलं संकट ओळखणं आमच्या अभ्यासक्रमात नाही.

कादंबरीचा विषय मात्र अस्सल होता, हे मी रागातही कबूल करतो. तो विषय म्हणजे आमची सासुरवाडीच. जळगावजवळ असोद्याला माझे सासरे आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना यांची घरं एकाच अंगणात, समोरासमोर दारं, मधे वीस पावलं. आणि त्या वीस पावलांत तोवर सहा-सात वर्षं एक शब्द गेलेला नव्हता. कारण एवढंसं. श्रावणात आमच्या खान्देशात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढायचे, ते घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ, अशी त्या घरची रीत. मूठ घालायचा मान थोरल्याचा, म्हणजे आबांचा. त्या वर्षी नानांचा एकुलता एक मुलगा सुरतेला कापडगिरणीत गेला होता आणि तिथे त्यानं कोणाला न विचारता जातीबाहेर लग्न केलं होतं. आबा ओसरीत सूप घेऊन बसले, एकेकाचं नाव घेत मूठ घालू लागले, आणि त्या मुलाच्या नावाशी आले तेव्हा आबांनी मूठ घातली नाही, असं नानांचं म्हणणं. नाना तिथून उठले ते परत आबांच्या ओसरीला पाय लावला नाही. रोट वेगळे, कानबाई वेगळी, अक्का म्हणजे आमच्या सासूबाई, त्यांनी समोर पाठवलेलं लोणचंही परत आलं.

भाऊंना या दुपारची कादंबरी करायची होती. दुपार एक, अंगण एक, एक मूठ गहू. माझ्या अंगावर तेव्हा हे ऐकून काटा आला, खोटं कशाला सांगू. रंगीत टीव्ही नुकता आला होता, आमच्या गल्लीत सगळे समोरच्यांकडे सिनेमा बघायला गेले होते, आणि भाऊ माझ्यासमोर बसून ही गोष्ट सांगत होते. आणि तेव्हा मी, मराठीचा शिक्षक, शहाणपण दाखवायला बोलून गेलो, "भाऊ, पण हे सांगणार कोणाच्या नजरेतून? कादंबरीत ते आधी ठरवावं लागतं."

भाऊंचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "म्हणजे साक्षीदार पहिला नक्की करायचा. बरोबर आहे. आधी हद्दीचा दगड, मग रेघ." आणि ते त्याच संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला गेले. माझी आठ वर्षं तिथून सुरू झाली.

पहिले आले नाना. अन्याय त्यांच्यावर झालेला, वाचकाची माया त्यांच्यावर. मी म्हटलं, छान, लिहा. पंधरा दिवसांनी नाना बाद. "मास्तर, माणूस निम्म्या प्रकरणात उठून गेला, पुढचं त्याला काय ठाऊक?" मग आबा. आबा तर खुद्द सुपासमोर. तेही बाद, कारण आबांची मान खाली होती, त्यांनी नानांना जाताना पाहिलं नाही. मग अक्का. अक्का त्या वेळी चुलीशी होत्या म्हणून भाऊ असोद्याला जाऊन अर्धा तास पेटत्या चुलीसमोर बसले, आणि डोळे चोळत, नाक वाहत बाहेर आले. "अक्का रद्द. पाठ ओसरीकडे, आणि धूर फार." मग माझी बायको, जी तेव्हा शाळकरी पोर होती आणि दाराच्या उंबऱ्यावर बसलेली होती. भाऊंनी तिचा रीतसर जबाब घेतला. ती म्हणाली, "मी नव्या बांगड्या बघत होते, भाऊजी. हिरव्या होत्या." भाऊंनी तेही लिहून घेतलं.

हे सगळं मला पोस्टकार्डानं कळवायची त्यांची पद्धत होती, आणि कार्ड शाळेच्या पत्त्यावर. कारण घरचं पोस्ट उशिरा येतं म्हणे. "आबांचे डोळे काढले. आता अक्कांचे बसवून पाहतो." असलं कार्ड शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं असायचं. हेडमास्तरांनी मला एकदा खोलीत बोलावून दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, सासऱ्यांचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरांकडे झालं. मी आठवीच्या वर्गावर जाऊन विनाकारण चार मुलांना उभं केलं.

एकदा तर ते गाय घेऊन आले. म्हणजे कादंबरीत. "खुंट्याला बांधलेली, जागची हलत नाही, दोन्ही घरं दिसतात, आणि कोणाची बाजू घेत नाही." मी ओरडलो, "अहो भाऊ, पण गाईला त्यातलं कळलं काय?" भाऊ गंभीर झाले. पंधरा दिवस विचार केला. मग कार्ड आलं, "गाय रद्द. त्या दिवशी ती चरायला गेली होती."

शेवटी मी हात जोडले. म्हटलं, कोणाच्याच नजरेतून नको, सरळ लेखकानंच सांगावं, त्याला सगळं दिसतं, थोरामोठ्यांनी तसंच लिहिलंय. भाऊंनी फार सौम्यपणे विचारलं, "पण लेखक उभा कुठे होता?"

दरम्यान मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून बसलो होतो. माझे सहकारी दर महिन्याला चौकशी करायचे आणि तोंड दाबून हसायचे. आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला लाज वाटते पण सांगतो. त्या कादंबरीला मी प्रस्तावना लिहून ठेवली होती. सोळा पानं. त्यात "लेखकाने दृष्टिकोनाची केलेली अचूक निवड" असा एक परिच्छेद होता आणि ज्याची नजर त्याच्या नावाची जागा मी रिकामी ठेवली होती. ती भरायची म्हणून माझी सगळी तगमग.

आठव्या वर्षी कहर झाला. मोजणीच्या खात्यात रीत अशी, की एखाद्याची जमीन मोजायची तर आधी लगतच्या सगळ्यांना नोटीस द्यायची, म्हणजे नंतर कोणी तक्रार करत नाही. फिरून फिरून पुन्हा नानांवर आलेल्या भाऊंनी तेच केलं. रजिस्टर पोस्टानं. आबांना, नानांना, अक्कांना आणि माहितीसाठी एक प्रत मला. मजकूर माझ्या अजून पाठ आहे. "आपणांस कळविण्यात येते की, नियोजित कादंबरी ही नाना यांचे नजरेने सांगण्याचे योजिले आहे. तरी लगतच्या पात्रांनी हरकत असल्यास येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जागेवर समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास काही एक तक्रार चालणार नाही."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, या माणसाला सासुरवाडीतून आता हाकलून देतील, आणि बरोबर मलाही. त्या रविवारी मी असोद्याला गेलो तो भाऊंशी भांडायला. पण भाऊंना जे माहीत होतं ते मला पुस्तकं शिकवून कळलेलं नव्हतं. गावात मोजणीची नोटीस आली की माणूस तापानं फणफणत असला तरी उठून येतो, कारण हजर नसलं की बांध सरकतो. दहाला पाच मिनिटं कमी असताना समोरचं दार उघडलं. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात नोटिशीचा कागद, असे नाना ती वीस पावलं चालत आले आणि आबांच्या अंगणात उभे राहिले. आबांकडे न बघता भाऊंना म्हणाले, "जावई, मी हजर हाये. लिहून घ्या."

"मीबी हाये," आबा ओसरीतून म्हणाले. "मही हरकत हाये. त्याच्या नजरेनं काऊन? त्यानं देखलं काय?"

"म्या सारं देखलं."

"काय देखलं?"

आवाज चढायला लागले. मी मधे पडणार होतो, पण भाऊ कोणाकडे लक्ष न देता हातात चुन्याचं डबडं घेऊन फिरत होते. जो जिथे होता तिथे खूण. अक्कांना चुलीशी पाठवलं. माझ्या बायकोला उंबऱ्यावर बसवलं. ती आता दोन पोरांची आई, पण बसली. ओसरीत सूप आणि गव्हाचं पोतं आलं. मग नानांना विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" नानांनी ओसरीच्या पायरीखालची जागा दाखवली. खांबाच्या अलीकडे. खांबाला टेकून तेव्हाही धान्याची कोठी होती, आताही होती. भाऊंनी तिथे खूण केली, आणि मग जे कोणाच्याच मनात नव्हतं ते सांगितलं.

"आबा, तुम्ही नानांच्या खुणेवर उभे राहा. नाना, तुम्ही सुपाशी बसा."

दोघंही तयार होईनात. तेव्हा भाऊंचा धुळ्याचा आवाज निघाला, "हाई मोजनी शे! जागा बदलाशिवाय कसं समजी?" सरकारी मोजणीदार असा ओरडला की खान्देशातला शेतकरी ऐकतो. आबा पुटपुटत खाली उतरले आणि खुणेवर उभे राहिले. मान इकडे केली, तिकडे केली.

"अठून तं सूप दिसतच नही," ते म्हणाले.

"मोजा, नाना," भाऊ म्हणाले.

नाना सुपाशी बसले. पहिली मूठ घेतली, आबांचं नाव घेतलं. दुसरी स्वतःची. मग दोन पुतण्यांच्या. मग पुन्हा पोत्यात हात घातला, मूठ वर आली, आणि नाना थांबले. तोंड उघडं, पण नाव निघेना. मूठ तशीच सुपावर धरलेली, आणि बोटांच्या फटीतून गहू गळत होते. मी दारात होतो, मला दिसत होतं. खांबाआड उभ्या असलेल्या आबांना काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त नावं ऐकू येणं बंद झालं.

शेवटी खांबाच्या मागून आबा खेकसले, "थांबला काऊन? पोराची घाल ना!"

"नाव निघत नही तोंडातून," नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नसता.

आबा पुढे आले नाहीत. तिथेच पायरीवर बसले. कोणाकडे न बघता म्हणाले, "त्या दिशीबी असंच झालं व्हतं. मूठ हातात व्हती. त्याचं नाव घ्याले गेलो तं गळाच भरून आला, महं खांद्यावर खेळवलेलं पोर ते. डोये पुसून मूठ घातली, अन् वर पाहतो तं तू चालला गेला व्हता."

"मंग मले सांगितलं काऊन नही?"

"तू इचारलं काऊन नही?"

चौदा वर्षं! माणसं एका अंगणात राहतात, एका विहिरीचं पाणी पितात, आणि चौदा वर्षांत एवढी दोन वाक्यं बोलायला त्यांना जमू नये? मला इतका संताप आला आणि त्याच वेळी असं रडू आलं, की मी गोठ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागे वळून पाहिलं तर अक्का चुलीशी नेमून दिलेली जागा सोडून आल्या होत्या आणि नानांच्या हातातली ती मूठ त्यांनी आपल्या हातानं सुपात रिकामी केली होती. आणि भाऊ काय करत होते? कागद पुढे करून दोघांना सांगत होते, "जबाब नोंदवलाय. इथे सह्या करा." दोघांनी केल्या!

परतताना असोद्याच्या गाडीत मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, मिळाली! तुमची कादंबरी मिळाली. पहिला भाग नानांच्या नजरेनं, दुसरा आबांच्या, शेवटी जागा बदललेली. आजच बसा." माझी सोळा पानं मला डोळ्यांसमोर छापलेली दिसत होती.

भाऊंनी मान हलवली. "आते काय लिखू, मास्तर? बठ्ठासले बठ्ठं समजनं."

"म्हणजे?"

"सगळ्यांना सगळं कळलं. तंटा मिटला. मोजणी झाली की नकाशा दप्तरात जातो."

मग मी त्यांना गाडीत, लोकांसमोर, काय काय बोललो ते सांगत नाही. आठ वर्षांचे रविवार काढले, पोस्टकार्डं काढली, गाय काढली. म्हटलं, तुम्हाला लिहायचंच नव्हतं, नुसता चहा प्यायला येत होतात. भाऊ ऐकत राहिले. जळगावचा स्टँड जवळ आला तेव्हा म्हणाले, "मी जन्मभर हद्दी कायम केल्या, मास्तर. ज्याच्या बाजूनं रेघ जाते तो हसतो, दुसरा माझं तोंड बघत नाही. यांच्यातल्या एकाचे डोळे घेतले असते तर दुसरा खोटा ठरला असता. सासऱ्याच्या घरात मला ती रेघ ओढवेना." मग म्हणाले, "पण लिहायचं नव्हतं असं म्हणू नका. फार लिहायचं होतं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझा राग गेला नव्हता.

पुढच्या श्रावणात दोन्ही घरांची कानबाई एकत्र बसली. सुरतेहून नानांचा मुलगा आला, बायको आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी घेऊन. आम्ही दोघे जावईही गेलो. पण रोट त्या घराण्याबाहेरच्या माणसानं खायचे नाहीत. जावयांचं कूळ वेगळं. तेव्हा आबांच्या घरात पंगत बसली आणि आम्हाला समोर नानांच्या ओट्यावर चहा देऊन बसवलं. आबांचं दार लोटलेलं. आतून आबांचा आवाज येत होता, "सूनबाईले वाढा. आजून एक वाढा. लाजू नको बाई, हे तुह्यंच घर हाये." मग नाना काहीतरी बोलले, आणि सगळे मोठ्यानं हसले. कशाला हसले ते आम्हाला कळलं नाही. मी दाराच्या फटीतून बघावं म्हणून उठलो तर भाऊंनी माझा हात धरून खाली बसवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, चहा बशीत निवत होता. त्या घराचा कोपरान् कोपरा त्यांनी मोजला होता, आणि आज त्या घरात त्यांच्यापुरती पाटाएवढी जागा नव्हती. त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मला मात्र फार वाटत होतं.